बॅकअप सॉफ्टवेअर निवडताना सगळ्यात अडचणीच्या सर्व्हरपासून सुरुवात करा

सगळे सर्व्हर एकाच जातीचे असतील तर बॅकअप सॉफ्टवेअर निवडणं तसं सोपं काम आहे, पण अशी कंपनी मी तरी अजून पाहिलेली नाही. बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा वर्षांत साचत गेलेलं असतं सगळं. एक व्हीएमवेअर क्लस्टर (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं), दुसऱ्या ऑफिसात मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचे होस्ट, डेटाबेससाठी मुद्दाम फिजिकल ठेवलेले लिनक्स सर्व्हर, अकाउंट्सचं जुनं ॲप्लिकेशन चालवणारं एआयएक्सचं (आयबीएमच्या युनिक्सचं) मशीन, नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) फाइल शेअर, आणि कोपऱ्यात एक विंडोज सर्व्हर २००८ आर२ ज्याला कोणी हात लावत नाही कारण त्यावरचं सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं ते आता सपोर्टच देत नाहीत. आमच्याकडे साधारण हेच चित्र आहे. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लावलेली बॅकअपची टूल्स चालू होती, ती गोळा करून एक नीट व्यवस्था बसवायची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि त्या कामात जे समजत गेलं ते इथे लिहितोय.

माझं म्हणणं एकच आहे, सॉफ्टवेअर निवडायला बसाल तेव्हा सुरुवात सगळ्यात सोप्या सर्व्हरपासून करू नका, सगळ्यात अडचणीच्या सर्व्हरपासून करा. व्हेंडर डेमो देतो तो कशावर देतो? व्हीएमवेअरवरच्या एका स्वच्छ विंडोज व्हीएमवर. आणि ते काम आज जवळजवळ सगळ्यांना छान जमतं. हायपरवायझरला (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कचं त्या क्षणाचं चित्र, घ्यायला सांगायचं, मागच्या वेळेपासून डिस्कचे कुठले ब्लॉक बदलले त्याची यादी त्याच्याकडूनच घ्यायची, तेवढेच ब्लॉक उचलायचे, स्नॅपशॉट सोडून द्यायचा. व्हीएमवेअरमध्ये ही बदललेल्या ब्लॉकची सोय २००९ पासून आहे, हायपर-व्हीमध्ये २०१६ पासून. म्हणजे यात आता कोणी कोणाच्या फार पुढे राहिलेलं नाही. त्यामुळे व्हीएमचा डेमो बघून मत बनवलं तर सगळी प्रॉडक्ट सारखीच वाटतात आणि मग निर्णय किंमत किंवा सेल्सवाल्याचं बोलणं यावर जातो. अडचणीचं मशीन चाळणीचं काम करतं, पाच-सहा नावांतली दोन-तीन तिथेच गळून पडतात आणि उरलेल्यांवर तुम्ही नीट वेळ देऊ शकता.

आता अडचणीचं म्हणजे नेमकं काय, तर हे प्रत्येकाकडे वेगळं असणार. तो २००८ आर२ घ्या. मायक्रोसॉफ्टचा त्याचा एक्सटेंडेड सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि बॅकअपवाले पण दर नव्या व्हर्जनला अशी जुनी ओएस यादीतून काढत जातात. ब्रोशरवर नुसतं 'विंडोज सर्व्हर सपोर्टेड' असतं, पण कुठल्या व्हर्जनपर्यंत आणि एजंटचं (सर्व्हरवर बसवायच्या बॅकअपच्या छोट्या प्रोग्रामचं) कुठलं व्हर्जन लागेल ते सपोर्ट मॅट्रिक्स, म्हणजे काय काय चालतं त्याचा तक्ता, उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. ते पान कंटाळवाणं असतं, तरी एकेक ओळ वाचा. एआयएक्स असेल तर यादी अजून छोटी होते, कॉमव्हॉल्ट, नेटबॅकअप, आयबीएमचं स्टोरेज प्रोटेक्ट, बॅक्युला, व्हीम (Veeam) कंपनीचा एआयएक्ससाठीचा वेगळा एजंट, अशी मोजकी नावं उरतात. आणि व्हीएम आहे म्हणून सोपं असंही नाही. एखाद्या व्हीएमला फिजिकल मोडमधली आरडीएम डिस्क (थेट स्टोरेजवरून दिलेली) लावलेली असेल किंवा व्हीएमच्या आतूनच आयस्कझी (नेटवर्कवरची) डिस्क जोडलेली असेल, तर व्हीएमवेअरच्या स्नॅपशॉटमध्ये ती डिस्क येतच नाही. बॅकअपची जॉब हिरवी दिसते, व्हीएम बॅकअपमध्ये आहे असं दिसतं, आणि नेमकी डेटा असलेली डिस्क त्यात नसते. तुमच्याकडे एकमेकांशी क्लस्टर केलेली जुनी व्हीएम असतील तर हे आजच तपासा, सॉफ्टवेअर बदला किंवा नका बदलू.

फिजिकल लिनक्सचं वेगळंच दुखणं आहे. विंडोजमध्ये व्हीएसएस ही स्नॅपशॉटची सोय ओएसमध्येच आहे, बॅकअप सॉफ्टवेअरने सांगितलं की तो ॲप्लिकेशनला क्षणभर थांबवतो आणि एका क्षणाचं चित्र देतो. लिनक्समध्ये तशी एक ठरलेली पद्धत नाही, म्हणून बरेच कमर्शियल एजंट आपलं स्वतःचं कर्नल मॉड्यूल (ओएसच्या गाभ्यात बसणारा तुकडा) टाकतात. आता कर्नल अपडेट झालं की ते मॉड्यूल परत बिल्ड व्हावं लागतं, सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर त्याची सही असलेली की मशीनमध्ये नोंदवावी लागते, आणि डिस्ट्रोचं अगदी नवं कर्नल आलं तर व्हेंडरचा सपोर्ट येईपर्यंत थांबावं लागतं. सिक्युरिटीवाले म्हणतात पॅच लावा, बॅकअपवाले म्हणतात थांबा, आणि मध्ये आपण. म्हणून लिनक्ससाठी प्रत्येक व्हेंडरला मी हेच विचारत गेलो की मॉड्यूलशिवाय, नुसत्या एलव्हीएम (लिनक्सच्या डिस्क मॅनेजरच्या) स्नॅपशॉटवर किंवा फाइल लेव्हलवर तुमचा एजंट चालतो का, आणि चालला तर काय काय सोडावं लागतं. उत्तर स्पष्ट देणारे लोक आवडले मला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र डेटाबेसवर गेला आणि जायलाच हवा, कारण शेवटी कंपनीचा जीव तिथेच असतो. चालू डेटाबेसच्या डिस्कचा नुसता स्नॅपशॉट घेतला तर तो अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे असेल तसा असतो. चांगले डेटाबेस त्यातून बहुतेक वेळा उठतात, पण सगळ्या फाइल एकाच क्षणाच्या असतील तरच, आणि दुपारी अडीचला कोणी चुकीचा डिलीट मारला तर दोन एकोणतीसला परत जायची सोय त्यात नसते. त्यासाठी ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, लागतात. पोस्टग्रेसला वॉल आर्काइव्ह, ओरॅकलला आरमॅन, एसक्यूएल सर्व्हरला लॉग बॅकअप. आणि इथे मिक्स वातावरणात एक भांडण हमखास होतं, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) स्वतःच्या स्क्रिप्टने लॉग बॅकअप घेत असतो आणि नवं सॉफ्टवेअर पण तेच लॉग उचलून ट्रंकेट करतं, म्हणजे कापून टाकतं. दोघांकडे अर्धी-अर्धी साखळी राहते, पूर्ण कोणाकडेच नाही, आणि दोन्हीकडे जॉब यशस्वी दिसतात. त्यामुळे सॉफ्टवेअर ठरवायच्या आधी डीबीएला बैठकीत बसवा, लॉग कोण घेणार ते एकाचं नाव लिहून ठरवा, आणि दुसऱ्याने मध्येच पूर्ण बॅकअप घ्यायचाच असेल तर तो कॉपी-ओन्ली घ्यावा म्हणजे डिफरन्शियलचा (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांच्या बॅकअपचा) पाया हलत नाही. आमच्याकडे पोस्टग्रेससाठी पीजीबॅकरेस्ट हे बॅकअप टूल आधीपासून नीट चालू होतं, ते काढून नव्या टूलचं प्लगइन लावायचा आग्रह व्हेंडरचा होता, मी ते मान्य केलं नाही. डीबीएला जे टूल झोपेतून उठवलं तरी चालवता येतं ते त्याच्या हातून काढून घेण्यात काय फायदा? नव्या सॉफ्टवेअरने त्या रिपॉझिटरीची (बॅकअप साठवायच्या जागेची) कॉपी बाहेर नेली की झालं.

हे डेटाबेसचं बोलतोय तर गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटची २०१७ ची घटना सांगायलाच हवी. ३१ जानेवारीला त्यांच्या इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट केली, सुमारे ३०० जीबी डेटा होता. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती लावलेल्या होत्या त्यांनी. त्यातला रोजचा पीजीडम्प (डेटाबेसची कॉपी काढणारं टूल) चालतच नव्हता, कारण पोस्टग्रेस डेटाबेस होता ९.६ आणि डम्प घेणारं टूल चालत होतं ९.२ चं, आणि फेल झाल्याचे ईमेल जायचे ते डीमार्क या ईमेल तपासणीच्या कारणाने समोरून नाकारले जात होते त्यामुळे कोणालाच कळलं नाही. शेवटी सुमारे सहा तास आधी कोणीतरी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट वाचवायला आला, आणि तो कॉपी करायला स्टेजिंगच्या (चाचणीच्या) सर्व्हरच्या स्लो डिस्कमुळे जवळपास १८ तास गेले. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. सॉफ्टवेअर निवडताना मी यातून दोन गोष्टी घेतल्या. एक, जॉब फेल झाली तर कळेलच पण जॉब मुळात चाललीच नाही तर सॉफ्टवेअर ओरडेल का? बऱ्याच टूल्सचा रिपोर्ट फक्त जे चाललं त्याचा असतो. कालच लावलेला नवा सर्व्हर कुठल्याच जॉबमध्ये नाही, हे जे सांगतं ते खरं कामाचं. आणि दुसरं, अलर्ट एकट्या ईमेलवर ठेवू नका, मॉनिटरिंगने बॅकअप सर्व्हरला जाऊन विचारलं पाहिजे की या मशीनचा शेवटचा चांगला बॅकअप किती तासांपूर्वीचा.

वेळेचं गणित हा भाग मॅनेजमेंटला सगळ्यात पटकन समजतो, म्हणून ते कागदावर करून न्या. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. म्हणजे १० टीबी परत आणायला २५ तास, तेही सगळं सुरळीत चाललं तर. तोच डेटा क्लाउडमध्ये असेल आणि तुमची लाइन १०० मेगाबिटची असेल तर नऊ दिवसांच्या वर. यात डिडुप्लिकेशनचा, म्हणजे सारखे तुकडे एकदाच साठवण्याचा, मुद्दा लोक विसरतात, डिडुप केलेला डेटा लिहिताना जागा वाचते पण वाचताना तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात आणि ते जोडत जोडत रिस्टोर होतो, साध्या हार्ड डिस्कवर हे खूप स्लो पडू शकतं. म्हणून व्हेंडरने 'एवढ्या पटीत जागा वाचते' असा आकडा दिला की त्याला रिस्टोरचा स्पीड विचारा, आणि तुमच्या डेटावर विचारा, कारण डेटाबेस एन्क्रिप्टेड असेल तर डिडुप आणि कॉम्प्रेशन दोन्ही जवळपास निरुपयोगी ठरतात आणि मग स्टोरेजचा सगळा अंदाज चुकतो. इन्स्टंट रिकव्हरी म्हणजे बॅकअपमधूनच व्हीएम थेट चालू करायचं, हे फीचर खरंच उत्तम आहे, फक्त एका वेळी किती व्हीएम अशी चालवून बघितलीत ते विचारा. एक व्हीएम सगळेच चालवून दाखवतात. फाइल सर्व्हरवर लाखो-करोडो छोट्या फाइल असतील तर तिथे टीबी मोजूच नका, फाइलची संख्या मोजा, बदल मूठभर असला तरी तो शोधायलाच अख्खी रात्र जाते.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीबद्दल (मायक्रोसॉफ्टची सगळ्यांची लॉगिन सांभाळणारी व्यवस्था) थोडं सविस्तर, कारण माझ्या मते मिक्स वातावरणात हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. लिनक्स, नॅस, व्हीसेंटर, सगळ्यांचं लॉगिन तिथूनच येत असतं, आणि बॅकअप सर्व्हरचं पण. मग ती चालवणारे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, गेले तर बॅकअप सर्व्हरमध्ये लॉगिन करणार कसं आणि ते परत आणणार कसे? २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या शिपिंग कंपनीचं हेच केलं. जगभरातले डोमेन कंट्रोलर पुसले गेले, आणि एक कॉपी वाचली ती घानामधल्या ऑफिसात, कारण तिथे वीज गेलेली असल्यामुळे ते मशीन नेटवर्कवर नव्हतं. त्यांनी नंतर सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. एवढी मोठी कंपनी आणि सगळं एका बंद पडलेल्या विजेवर आलं होतं, हे वाचून मला खूप वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. तर, बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये घेऊ नका, त्याचे लोकल अकाउंट ठेवा आणि मल्टिफॅक्टर लावा. डोमेन कंट्रोलरचा बॅकअप टूम्बस्टोनच्या मुदतीपेक्षा (डिलीट केलेल्या नोंदींच्या खुणा जितके दिवस राहतात त्यापेक्षा) जुना असेल तर तो रिस्टोरला चालत नाही, ती मुदत सहसा १८० दिवस असते, म्हणजे वर्षभरापूर्वीची टेप इथे उपयोगाची नाही. आणि एका कंट्रोलरला परत आणणं वेगळं, पूर्ण फॉरेस्ट (कंपनीची सगळी ॲक्टिव्ह डिरेक्टरी) परत आणणं वेगळं, ते दुसरं कुठलं सॉफ्टवेअर कसं करतं हे वाचून नाही, बघून घ्या.

हल्ला करणारे आता आधी बॅकअपकडेच जातात, त्यामुळे बॅकअप सॉफ्टवेअर हेच एक टार्गेट आहे असं धरून निवड करावी लागते. व्हीमसारख्या प्रचंड वापरात असलेल्या प्रॉडक्टमध्येसुद्धा २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-२७५३२ या नावाने नोंदलेला सुरक्षेतला होल निघाला होता, नेटवर्कवर पोचलेल्या कोणालाही लॉगिन न करता साठवलेले एन्क्रिप्टेड पासवर्ड काढता येत होते, पॅच मार्चमध्ये आला आणि ज्यांनी लावला नाही त्यांच्यावर रॅन्समवेअरवाल्यांनी तो वापरला. असे होल सगळ्यांत निघतात, म्हणून त्यांच्यामुळे मी कोणाला बाद केलं नाही. मी बघितलं ते हे की पॅच किती लवकर येतो, तो लावायला बॅकअप किती वेळ बंद ठेवावा लागतो, आणि सॉफ्टवेअर पूर्ण शत्रूच्या हातात गेलं तरी एक कॉपी पुसता येणार नाही अशी जागा ते देतं का. लिनक्सवरची इम्युटेबल (ठरलेल्या मुदतीत बदलता न येणारी) रिपॉझिटरी असो, एस३ या क्लाउड स्टोरेजचं ऑब्जेक्ट लॉक असो, की टेप. ऑब्जेक्ट लॉक वापरणार असाल तर दोन मोडमधला फरक समजून घ्या, गव्हर्नन्स मोडमध्ये खास परवानगी असलेला माणूस कुलूप काढू शकतो, कम्प्लायन्स मोडमध्ये मुदत संपेपर्यंत रूट अकाउंटलाही काढता येत नाही. दुसऱ्यात चुकून दहा वर्षांची मुदत टाकली तर दहा वर्षं बिल भरावं लागेल, म्हणून आधी छोट्या मुदतीवर करून बघा. टेपला लोक जुनाट समजतात पण एलटीओ-९ टेपची एक कार्ट्रिज न कॉम्प्रेस करता १८ टीबी घेते आणि कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत नेटवर्कवरून कोणी पोचू शकत नाही. मी टेपच्या बाजूने बोललो आणि अजूनही बोलेन.

दुसऱ्या जागी कॉपी हवी हे सगळ्यांना माहीत असतं, करणारे कमी असतात. मार्च २०२१ मध्ये ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीच्या स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा काही ग्राहकांचे सर्व्हर आणि बॅकअप त्याच जागी होते आणि दोन्ही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरच्या आगीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल असलेला ८५८ टीबीचा जी-ड्राइव्ह गेला, बाहेर त्याचा बॅकअपच नव्हता, कारण सांगितलं गेलं की साइज फार मोठी आहे. उलट उदाहरण मे २०२४ मधलं, ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड गूगलच्या बाजूच्या चुकीने डिलीट झालं, आणि त्यांनी दुसऱ्या प्रोव्हायडरकडेही बॅकअप ठेवलेले होते, त्याची उभं राहायला मदत झाली. सॉफ्टवेअर निवडताना याचा अर्थ असा की ते एकाच क्लाउडला बांधलेलं नको.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो. कोणी सॉकेटवर (प्रोसेसरच्या संख्येवर) मोजतं, कोणी टीबीवर, कोणी वर्कलोडवर (बॅकअप घ्यायच्या मशीनच्या संख्येवर). मिक्स इन्फ्रासाठी मला वर्कलोडवरचं लायसन्स बरं वाटतं, अट एवढीच की तेच लायसन्स आज व्हीएमवेअरच्या व्हीएमला, उद्या प्रॉक्समॉक्स या ओपन सोर्स हायपरवायझरच्या व्हीएमला आणि परवा फिजिकलला लावता आलं पाहिजे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं आणि कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, तेव्हा किती जणांना हायपरवायझर बदलायचा विचार करावा लागला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि ज्यांचं बॅकअप टूल प्रॉक्समॉक्स ओळखत नव्हतं ते तिथेच अडकले. व्हीमने प्रॉक्समॉक्सचा सपोर्ट २०२४ मध्ये दिला. म्हणून आज काय चालतं एवढंच बघू नका. आणि लेखी विचारा, लायसन्स संपल्यावर जुन्या बॅकअपमधून रिस्टोर करता येतो का, आणि सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (कुठल्या बॅकअपमध्ये काय आहे त्याची यादी) पूर्ण गेला तर नुसत्या डिस्कवरून किंवा टेपवरून तो परत बनवता येतो का. बॅक्युलामध्ये बीस्कॅन नावाचं टूल नेमकं हेच करतं, टेप वाचून कॅटलॉग परत भरतं, आणि कमर्शियल टूल्सना मी हाच मापदंड लावला.

ओपन सोर्स घ्यावं का? घ्यावं, जिथे ते शोभतं तिथे. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर २०२० मध्ये आला आणि प्रॉक्समॉक्सच्या व्हीएमसाठी तो खरंच सुंदर चालतो, पण त्याचा क्लायंट मुळात लिनक्सचा आहे, फिजिकल विंडोजसाठी दुसरं काहीतरी बघावं लागतं. रेस्टिक आणि बोर्ग ही टूल्स लिनक्स सर्व्हरच्या फाइलसाठी अप्रतिम, फक्त शेड्यूल, रिपोर्ट, कोणाला काय अधिकार हे सगळं तुम्हाला उभं करावं लागतं. बॅक्युला आणि त्यातून २०१० मध्ये फुटलेलं बॅरिओस सगळीकडे पोचतात, टेपसकट, पण कॉन्फिगरेशन शिकायला माणूस लागतो, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर दुसरा लागतो. टीममध्ये दोघांना ते मनापासून येत असेल तर बेलाशक घ्या.

ट्रायलमध्ये आम्ही हट्टाने अडचणीची मशीनंच घेतली. तो २००८ आर२, एक फिजिकल लिनक्स ज्यावर सिक्युअर बूट चालू, फाइल सर्व्हर, एक डोमेन कंट्रोलर आणि एसक्यूएल सर्व्हर. बॅकअप घेतला, मग बॅकअप सर्व्हरच पूर्ण बंद केला आणि नव्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकून, रिपॉझिटरी जोडून, एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावरचा टाकून तिथून रिस्टोर करायला सांगितला. वेगळ्या कंपनीच्या हार्डवेअरवर, वेगळ्या रेड कंट्रोलरवर (डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डवर). सगळ्यात चकचकीत कन्सोल असलेलं एक प्रॉडक्ट इथे फिजिकल लिनक्स बूटच करू शकलं नाही, आणि ज्याचं कन्सोल दहा वर्षांपूर्वीचं वाटतं त्याने शांतपणे सगळं उभं केलं. तसंच, ज्याने ते सॉफ्टवेअर लावलं त्याच्याच हातून रिस्टोर करून घेऊ नका, टीममधल्या ज्याने ते सॉफ्टवेअर आधी उघडलंच नाही त्याला डॉक्युमेंट देऊन बसवा आणि व्हेंडरच्या माणसाला गप्प राहायला सांगा. डॉक्युमेंट कुठे अपुरं आहे ते लगेच दिसतं.

शेवटी आम्ही एकच सॉफ्टवेअर सगळ्यासाठी हा हट्ट सोडला. व्हीएम, विंडोज, फाइल सर्व्हर आणि फिजिकल लिनक्स एका कमर्शियल टूलवर, पोस्टग्रेस पीजीबॅकरेस्टवर, आणि एआयएक्सची सिस्टिम त्याच्या स्वतःच्या एमकेसिस्बी (mksysb) या सिस्टिम बॅकअपच्या कमांडवर, मशीन रिटायर होईपर्यंत. तिन्हींचा आउटपुट एकाच इम्युटेबल रिपॉझिटरीत आणि तिथून टेपवर जातो, आणि तिन्हींचा शेवटच्या चांगल्या बॅकअपचा वेळ एकाच मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर दिसतो. २००८ आर२ साठी त्याच टूलचा जुना, शेवटचा सपोर्टेड एजंट बसवलाय, तो किती दिवस नव्या सर्व्हरशी बोलत राहील हे प्रत्येक अपग्रेडच्या आधी रिलीज नोट्समध्ये बघायचं असं चेकलिस्टमध्ये पहिल्या ओळीला टाकलंय. पुढच्या तिमाहीत पूर्ण फॉरेस्ट रिकव्हरीची टेस्ट आहे, बंद नेटवर्कवर, आणि ती यावेळी एआयएक्स सांभाळणारी टीम करणार आहे.